पुढची रांग हसत नाही: 'फॉल्टी टॉवर्स'च्या एका भागाचं प्रकरण

बीबीसीच्या 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेतला हॉटेलमालक बेसिल फॉल्टी सुट्टीवरून परततो. स्वारी खुशीत आहे. बायकोने सुचवलेला महागडा कंत्राटदार टाळून त्याने स्वस्तातल्या ओ'रायलीला काम दिलंय, आणि बायको यायच्या आत ते उरकलेलंही असणार. लॉबीतून तो डायनिंग रूमकडे वळतो. तिथे दार नाही. सपाट भिंत आहे. ओ'रायलीच्या माणसांनी भलतंच दार बुजवून टाकलंय.

फार्स लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? ज्यांनी बबन प्रभूंचे फार्स पाहिलेत त्यांना दारांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एक या दारातून गेला की दुसरा त्या दारातून यायला हवा आणि दोघांची गाठ पडता कामा नये, यावर सगळा खेळ चालतो. इथे तर लेखकांनी दारच पळवलं. तरीही 'द बिल्डर्स' हा भाग बाकीच्या अकरा भागांच्या शेजारी ठेवून डोळे मिटून नुसता ऐकला तर फिका वाटतो. हशा आहे, पण पातळ. बेसिलचं काम करणाऱ्या जॉन क्लीझने याचं कारण पुढे मुलाखतीत सांगितलं. त्या संध्याकाळी आइसलँडच्या प्रसारण संस्थेतल्या पाहुण्यांचा मोठा गट स्टुडिओत पुढे बसला होता. माणसं अतिशय सभ्य होती आणि हसत नव्हती.

किस्सा झकास आहे आणि मला खराही वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. त्या संध्याकाळी आणखी दोन-तीन गोष्टी या भागाच्या विरोधात होत्या. त्या समजून घेतल्या की ब्रिटिश स्टुडिओ सिटकॉम हे यंत्र कसं चालायचं ते कळतं. यंत्र सुरळीत चालत असताना त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. कुठेतरी खरखर झाली की झाकण उघडावंसं वाटतं.

हॉटेलाबाहेर जायचं नाही

मालिका लिहिली क्लीझ आणि कॉनी बूथ या तेव्हाच्या नवरा-बायकोने. कल्पना आली ती टॉर्की इथल्या एका खऱ्या हॉटेलातून. १९७० मध्ये क्लीझ 'माँटी पायथन' या आपल्या विनोदी चमूच्या मंडळींबरोबर तिथे उतरला होता आणि तिथल्या मालकाचा तऱ्हेवाईक उर्मटपणा त्याच्या डोक्यात बसला. १९७४ च्या मे महिन्यात पहिली संहिता बीबीसीत फिरली तेव्हा इयन मेन या स्क्रिप्ट एडिटरने आपल्या टिपणात ती साफ उडवून लावली. त्याच्या मते सगळी ठरावीक पात्रं, घिशापिट्या कल्पना, आणि हाती फक्त फजिती. विनोदी विभागाचे प्रमुख जिमी गिल्बर्ट यांनी मालिकेला हिरवा कंदील दिला, पण त्यांचीही एक शंका होती. हे सगळं हॉटेलातच कसं चालेल, माणसांना जरा बाहेर काढायला हवं.

क्लीझचं म्हणणं नेमकं उलटं होतं. बाहेर काढलं की वाफ निघून जाते. बेसिलला पळायला जागा नसली तरच तो कुकरसारखा शिट्ट्या मारेल. लेखकाची ही गरज आणि स्टुडिओची सोय इथे एकमेकांना भेटली. प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड करायचं तर सेट मोजकेच लावता येतात, आणि ते बसलेल्या माणसांना दिसतील असे एका ओळीत लावावे लागतात. लॉबी, डायनिंग रूम, स्वयंपाकघर, वरच्या मजल्याचा कॉरिडॉर. हॉटेलाचं बाह्यदृश्य टॉर्कीचं नाहीच. ते बकिंगहॅमशरमधल्या वूबर्न ग्रेंज या जागेचं, आधीच फिल्मवर टिपून ठेवलेलं.

असे बाहेर चित्रित केलेले तुकडे रेकॉर्डिंगच्या संध्याकाळी प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेल्या मॉनिटरवर दाखवत आणि त्यावरचं हसू टिपून घेत. 'गॉर्मे नाइट'मध्ये बेसिल बंद पडलेल्या गाडीला झाडाच्या फांदीने बडवतो, ते असं फिल्मवरचं दृश्य. फिल्म आणि व्हिडिओ यांचा पोत इतका वेगळा की त्या काळच्या ब्रिटिश मालिकांत माणूस दाराबाहेर पाऊल टाकतो आणि चित्राचा रंगच बदलतो. तिथल्या प्रेक्षकांना याचं काही वाटत नसे. आपल्याला आज खटकतं, मग सवय होते.

सहा दिवस आणि दोन तास

आठवडा असा जायचा. पाच दिवस तालीम. बीबीसीने १९७० मध्ये तालमींसाठी ॲक्टन भागात एक बहुमजली इमारतच उभारली होती. नटमंडळी तिला 'ॲक्टन हिल्टन' म्हणत. तिथल्या खोल्यांत सेट नसतो. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी भिंती आखलेल्या असतात, प्रत्येक सेटची पट्टी वेगळ्या रंगाची. दाराच्या जागी खांब. जिना म्हणजे पट्टीच्या चार रेघा. आपल्या नाटकवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, फरक एवढाच की इथे शुभारंभाचा प्रयोग सहाव्या दिवशी आणि तोच शेवटचा.

सहावा दिवस रविवार. मुक्काम वेस्ट लंडनमधलं बीबीसीचं टेलिव्हिजन सेंटर. सेट आदल्या रात्रीत उभे राहतात, दिवे टांगले जातात. सकाळपासून कॅमेरा रिहर्सल, म्हणजे संहितेतला एकेक शॉट नंबर घेऊन कॅमेरे, बूम (लांब दांड्यावरचा माइक) आणि नट यांची जुळणी. दुपारनंतर पोशाखासह सलग एकदा. मग जेवणाची सुट्टी, मग प्रेक्षक. आठच्या सुमाराला सुरुवात आणि दहाला शेवट. दहाच्या पुढे गेलं की कामगार संघटनांशी ठरलेले ओव्हरटाइमचे नियम आड येत, त्यामुळे 'दहा' म्हणजे खरोखर दहा.

या दोन तासांत काय बसवायचं? क्लीझ सांगत आलाय की बीबीसीच्या साधारण अर्ध्या तासाच्या विनोदी कार्यक्रमाची संहिता पासष्टेक पानांची असे आणि त्यांची १३५ ते १४० पानांची. कॅमेऱ्यांचे कट एरवी दोनशेच्या आसपास, यांचे चारशेच्या घरात. बीबीसीवर जाहिराती नसल्याने भागही पुरा तीस मिनिटांचा. थोडक्यात, एका दिवसाच्या मापाने बांधलेल्या कारखान्यात या जोडप्याने दोन दिवसांचा माल आणून ठेवला होता.

आता गॅलरीत जाऊ. स्टुडिओच्या वरच्या काचेच्या खोलीला गॅलरी म्हणतात. तिथे दिग्दर्शक बसतो. पहिल्या सहा भागांचा दिग्दर्शक जॉन हॉवर्ड डेव्हिस, म्हणजे १९४८ च्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' चित्रपटातला तो भुकेला पोरगा, मोठा होऊन. त्याच्या शेजारी प्रॉडक्शन असिस्टंट मोठ्याने शॉट नंबर सांगत आणि स्टॉपवॉच सांभाळत असते. दुसऱ्या बाजूला व्हिजन मिक्सर, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कट करणारी व्यक्ती, बटणांच्या रांगेवर बोटं ठेवून. खाली प्रत्येक कॅमेऱ्याला एक कार्डांचा गठ्ठा लटकवलेला, त्यावर फक्त त्या कॅमेऱ्याचे शॉट. अमेरिकेत 'आय लव्ह ल्यूसी'पासून, म्हणजे १९५१ पासून, प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेरे चालवून नंतर टेबलावर सावकाश संकलन करायची पद्धत रुळली होती. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आणि कट जागच्या जागी. व्हिजन मिक्सरने बटण दाबलं की तो शॉट टेपवर गेला. नंतर दुरुस्ती करता येते, पण प्रत्येक दुरुस्तीला वेळ लागतो, आणि वेळ हीच टंचाईची वस्तू.

सगळ्यात नाजूक काम इथेच आहे. समजा शॉट २१० वर क्लीझचं वाक्य आणि २११ वर वेटर मॅन्युएलचा चेहरा. तालमीत वाक्य संपलं की लगेच कट. संध्याकाळी वाक्य संपतं आणि हशा फुटतो. हशा किती सेकंद चालेल? कोणालाच माहीत नाही. क्लीझ थांबतो, पण नुसता उभा राहिला तर मेला. हातातली किल्ली पुन्हा एकदा बघेल, ओठ आवळेल, श्वास घेईल. व्हिजन मिक्सर बोट वर धरून थांबते. हशा चढतो, माथ्यावर जातो, उतरायला लागतो. तो पुरता संपायच्या आधी पुढचं वाक्य यायला हवं, पण ऐकू येईल इतका तो खाली आलेला हवा. कट त्या उतारावर बसतो. आपल्याकडे याला 'लाफ्टर घेणं' म्हणतात आणि चांगल्या नटाला ते उपजत कळतं. इथे ते नट, कॅमेरामन, बूमवाला आणि मिक्सर यांना एकाच क्षणी कळायला हवं, आणि ते एकमेकांना दिसतही नाहीत.

ती संध्याकाळ

हशाच आला नाही तर या यंत्राचं काय होतं?

तालमीत प्रत्येक हुकमी जागेवर खड्डे ठेवलेले असतात, हशा पडण्यासाठी. प्रेक्षक थंड निघाले की ते खड्डे उघडे पडतात. नटाला पहिल्या दोन मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो: थांबायचं की दामटायचं? थांबला तर शांतता कॅमेऱ्यावर दिसते. दामटलं आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून हसू आलं तर पुढचं वाक्य त्याखाली चिरडतं. सगळा मामला एकट्याचा असता तर गोष्ट वेगळी, पण फार्समध्ये एकाने वेग बदलला की सगळ्यांचा बदलावा लागतो.

आइसलँडच्या पाहुण्यांना पुढे का बसवलं असेल याचा अंदाज बांधणं कठीण नाही. पाहुण्यांना पुढची रांग देणं ही जगभरची रीत. आपल्याकडेही पासवर आलेल्या पुढच्या दोन रांगा नटांच्या परिचयाच्या असतात. सगळे पुढाऱ्यासारखे बसलेले, हात मांडीवर, आणि हसतंय ते बाल्कनीतलं पब्लिक. पण स्टुडिओत पुढची रांग नाट्यगृहापेक्षा महत्त्वाची ठरते. प्रेक्षक तीनशेच्या आसपास, उतरत्या बाकांच्या एकाच ठोकळ्यात. त्यांच्या आणि सेटच्या मध्ये चार-पाच अवजड कॅमेरे, बूमच्या गाड्या, केबल सांभाळणारी माणसं. म्हणजे मागच्यांना नट नीट दिसतच नाही, ते मॉनिटर बघून हसतात. नटाला थेट चेहरे दिसतात आणि जवळून ऐकू येतं ते पुढच्यांचं. हशा टिपणारे माइक बाकांच्या वर टांगलेले असतात. त्यांना मागचा हशा मिळतो, पण नटाच्या अंगाला लागते ती पुढची थंडी.

शिवाय हा भाग भाषेवर उभा आहे. बार्सिलोनाहून आलेल्या मॅन्युएलला इंग्रजी धड येत नाही, त्याच्यावर आणि वेट्रेस पॉलीवर बेसिल हॉटेल सोपवून जातो, आणि फोनवरून खात्री करून घेण्यासाठी त्या दाढीवाल्या गवंड्याला 'तू भयानक ओरांगउटान आहेस' असं म्हणायला लावतो. मॅन्युएल इमानेइतबारे म्हणतो. ठोसा बसतो. ठोसा कुठल्याही भाषेत कळतो, पण त्याआधीचा सगळा चढाव मोडक्या इंग्रजीतला आहे. ज्याची स्वतःची इंग्रजी परकी, त्याला मोडकी आणि धड यातला फरक हसण्याइतक्या वेगाने लागत नाही. ओ'रायलीचं काम करणारा डेव्हिड केली हा आयरिश नट. त्याच्या निवांत गोडबोलेपणातली आणि बेसिलच्या वर्गाभिमानातली गंमतही ब्रिटिश बेटांच्या बाहेर अर्धीच पोचते.

एवढं मान्य करूनही माझं मत असं की दोष एकट्या आइसलँडचा नाही. हा भाग रेकॉर्ड झाला तेव्हा मालिकेचा एकही भाग प्रसारित झालेला नव्हता. पहिला भाग १९ सप्टेंबर १९७५ ला लागला, 'द बिल्डर्स' २६ ला. स्टुडिओत फुकट तिकिटावर आलेल्या लंडनकरांनाही बेसिल कोण, त्याची बायको सिबिल कोण, हे ठाऊक नव्हतं. क्लीझ त्यांना माहीत होता तो 'पायथन'मधला. आता या भागाची गोष्ट बघा. बेसिलची सगळी मजा सिबिलच्या भीतीत आहे. ती येऊन भिंत बघणार, ही धास्ती प्रेक्षकाच्या पोटात आधीच असायला हवी. सिबिल छत्री घेऊन ओ'रायलीला बडवते तेव्हा सिबिल झालेली प्रुनेला स्केल्स त्या धास्तीची वसुली करत असते. पण ज्याने सिबिलला आजच पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या खात्यात अजून काही जमाच नाही, तर वसुली कशाची?

घरी बसलेल्याचं तसं नाही. तो पुन्हा पुन्हा पाहतो. आज मी 'द बिल्डर्स' पाहतो तेव्हा दार गायब झाल्यावर मला बेसिलच्या आधी सिबिल आठवते आणि स्टुडिओतल्या लोकांच्या आधीच हसू येतं. तेव्हा खटकतं ते हे, की स्टुडिओतले लोक माझ्यापेक्षा कमी हसतायत.

तिसरी अडचण सेटची. याच भागात भिंत बदलते: आधी दार, मग दाराच्या जागी भिंत, मग पुन्हा काहीतरी तिसरं. नाटकात अंक पडतो. इथे असा बदल करायचा तर रेकॉर्डिंग थांबतं, सुतार आणि रंगारी पुढे येतात, आणि तापलेला प्रेक्षक गार पडू नये म्हणून वॉर्म-अप कलाकार माइक घेऊन उभा राहतो. या माणसाचं नाव श्रेयनामावलीत येत नाही. फेलिक्स बोनेस हा त्यांतला नावाजलेला, ज्याला पुढे 'हाय-डी-हाय!' या मालिकेत एक भूमिका मिळाली. त्याच्यासारख्याचं काम म्हणजे स्वतः इतकंच विनोदी असायचं की लोक तापलेले राहतील, पण नायकापेक्षा विनोदी व्हायचं नाही. आणि त्याचंही हत्यार भाषा हेच. पुढच्या रांगेला तीच कळत नसेल तर तो तरी काय करणार?

टेबलावर काय वाचवता येतं

मग संकलनात हशा वाढवून का नाही टाकला? थोडाफार सगळेच टाकत. दृश्य दुसऱ्यांदा घेतलं की हशा निम्मा होतो, कारण विनोद फुटलेला असतो. तेव्हा पहिल्या वेळचं हसू दुसऱ्या वेळच्या चित्राखाली सरकवणं हे रूढ काम होतं. पण डबाबंद हशाबद्दल बीबीसीला नावड होती. अमेरिकी मालिका 'मॅश' बीबीसी-२ वर दाखवली तीही हशाचा ट्रॅक काढूनच. शिवाय हा नैतिकतेपेक्षा कारागिरीचा प्रश्न जास्त आहे. नट हशासाठी थांबलाच नसेल तर हशा घालायला जागा कुठे? आणि जिथे थांबला आणि काही आलं नाही, तिथे कापायचं तर वाक्यांच्या मधलं चित्र उडी मारतं. उडी झाकायला दुसऱ्या कोनाचा शॉट हवा, आणि दोन तासांत १४० पानं उरकणाऱ्यांकडे असे जादा शॉट मोजकेच. क्लीझच्या सांगण्याप्रमाणे एकेका भागाच्या संकलनाला वीस-पंचवीस तास घातले जात. फ्रेम-दोन फ्रेम काढून वेग घट्ट करायचा. 'द बिल्डर्स' आज जो सुसाट वाटतो त्यात या हातकामाचा वाटा असणार, कारण हशाने सैल पडायच्या जागा तिथे मुळातच कमी होत्या. थंड प्रेक्षकाचा हा एक उलटा फायदा.

त्याच सहा भागांतला 'द जर्मन्स' याच्याशेजारी ठेवावा. त्यात फायर ड्रिलचा गोंधळ, भिंतीवरून पडणारं मूस हरणाचं डोकं, पेटलेलं स्वयंपाकघर. अर्धा भाग डोळ्यांनी कळतो. त्या आगीच्या दृश्यात कपड्यांतून धूर निघावा म्हणून वापरलेल्या रसायनाने मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू साक्सला भाजलं. 'द वेडिंग पार्टी'त क्लीझने चुकून खरंखुरं जड भांडं त्याच्या डोक्यात हाणलं. घाईची किंमत कोण मोजत होतं ते यावरून कळावं. साक्स मूळचा बर्लिनचा, १९३८ मध्ये लहानपणी आईवडिलांबरोबर नाझींपासून सुटून इंग्लंडला आलेला. स्पॅनिश उच्चारांची भीती वाटून त्याने वेटर जर्मन करू का असं विचारलं होतं. क्लीझ स्पॅनिशवर ठाम राहिला.

१९७९ च्या सहा भागांत परिस्थितीच वेगळी होती. क्लीझ आणि बूथ यांचा घटस्फोट झाला होता, तरी लेखन एकत्रच चाललं होतं. दिग्दर्शक बॉब स्पायर्स आला. मधल्या चार वर्षांत पुनःप्रसारणांनी आपलं काम केलं होतं. आता स्टुडिओतला प्रेक्षक बेसिलला ओळखून येत होता. 'द किपर अँड द कॉर्प्स'मध्ये मेलेला पाहुणा लपवताना बेसिल कपाटाकडे नुसतं बघतो आणि लोक पुढचं ताडून हसतात. खड्डे भरलेले आहेत, आणि क्लीझ त्यांच्यावरून सावकाश चालतो. त्याला थांबता येतंय, कारण थांबल्यावर काहीतरी येणार हे त्याला माहीत आहे. संपासंपीने त्या मालिकेचा शेवटचा 'बेसिल द रॅट' ऑक्टोबरपर्यंत रखडला, पण ती वेगळी कथा.

'द बिल्डर्स'च्या शेवटी स्टब्स, तोच महागडा कंत्राटदार, येऊन काम तपासतो. सगळं ठीक दिसतंय, फक्त एक विचारतो: भार पेलणाऱ्या या भिंतीत लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, कसलं घातलंय? लाकडी, असं बेसिल सांगतो, आणि मग त्याला कळतं की वरचा मजला कधीही खाली येऊ शकतो. बागेतला शोभेचा बुटका पुतळा उचलून तो ओ'रायलीचा समाचार घ्यायला निघतो. इथे तरी हशा बऱ्यापैकी येतो. ज्या भिंतीच्या भाराची एवढी चर्चा झाली ती लाकडी चौकटीवर ठोकलेला रंगवलेला फ्लॅट, म्हणजे सेटची खोटी भिंत. असले फ्लॅट त्याच रात्री सुटत, ट्रॉलीवर चढत, आणि सोमवारी सकाळी त्या जागेवर दुसऱ्याच कार्यक्रमाची माणसं दिवे लावत असत.